नर माशाची मिल्ट (शुक्राणू असलेला पांढरा द्रव) तपासायला घेतलेला अंबाल्याचा मायक्रोस्कोप, हॅचरीचा पूर्ण सीझन वापरून लिहिलेला रिव्ह्यू

शाळा-कॉलेजसाठी मायक्रोस्कोप घेणाऱ्यांसाठी नेटवर भरपूर रिव्ह्यू आहेत, हा त्यांच्यासाठी नाही. हा आमच्यासारख्या छोट्या हॅचरीवाल्यांसाठी आहे, जे पावसाळ्यात कतला, रोहू, मृगळ या कार्प जातीच्या माशांचं बीज (म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं) काढतात आणि ज्यांना दरवर्षी सीझन उतरायला लागला की तोच प्रश्न पडतो, की मादी भरलेली होती, हार्मोनचं इंजेक्शन वेळेवर दिलं, पूलमधलं (मासे अंडी सोडतात त्या टाकीतलं) पाणी रात्रभर फिरत होतं, मग सकाळी एवढी अंडी पांढरी, म्हणजे न फळलेली, कशी काय पडली. उत्तर बऱ्याचदा नराकडे असतं. पण आपल्या धंद्यात सगळ्यांचं लक्ष मादीवर, तिचं पोट किती फुगलंय, मऊ आहे का, बाजूने लाल झालंय का, आणि नराचं पोट दाबून पांढरं आलं की झालं, नर ओके. ते पांढरं कसं आहे हे बघायची पद्धतच नाही.

मी गोंदिया-भंडारा भागात आहे, मामा तलावांचा म्हणजे मालगुजारी तलावांचा पट्टा. आमचं गिऱ्हाईक म्हणजे मच्छिमार सहकारी संस्था, काही खाजगी शेततळेवाले. तलाव भरले की सगळ्यांना एकदमच बीज पाहिजे असतं, आणि पाऊस लांबला की सगळ्यांचं एकदमच लांबतं. त्यामुळे जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत बॅच वर बॅच काढाव्या लागतात, आणि नर मात्र तेच असतात. म्हणून मायक्रोस्कोप घ्यायचं ठरवलं.

वस्तू काय आहे ते आधी सांगतो. एका डोळ्याने बघायचा साधा स्टुडंट मायक्रोस्कोप, ऑनलाइन मागवला, माल हरयाणातल्या अंबाल्याहून आला (सायन्स लॅबचं बरंचसं सामान तिथेच बनतं, आपल्या शाळेतल्या काचेच्या नळ्यासुद्धा तिथूनच आलेल्या असतील). डोळ्याकडची लेन्स दहाची, खाली फिरत्या चकतीवर चार, दहा, चाळीस आणि शंभरची तेलवाली. खाली एलईडी लाईट आणि चार्जिंगची बॅटरी. मेकॅनिकल स्टेज, म्हणजे दोन नॉब फिरवून स्लाइड हलवता येते. सगळं मिळून साडेसहा हजाराला पडला. याच्यापेक्षा स्वस्तात आरशाचा येतो, तो मात्र घेऊ नका. आरशाला ऊन लागतं आणि आपलं काम पावसात आणि रात्री. लाईट गेली तरी बॅटरीवर दोन-तीन तास आरामात चालतो, हॅचरीसाठी हा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट.

आता तो काय दाखवतो.

नराची मिल्ट बाहेर येते तेव्हा तिच्यातले शुक्राणू जिवंत असतात पण हलत नाहीत. कोरड्या स्लाइडवर बारीकसा थेंब ठेवून बघितला तर फक्त करडी दाणेदार पेस्ट दिसते, काहीच हालचाल नाही, नवीन माणूस म्हणेल मेलेलेच आहेत. त्यात पूलच्या पाण्याचा थेंब सोडला की एका सेकंदात सगळं उसळतं. कारण असं की कार्प जातीच्या माशात मिल्टच्या द्रवामधे क्षार जास्त, तेवढ्या खारेपणात शुक्राणू झोपून राहतो, आणि गोड्या पाण्यात क्षार जवळपास नाहीतच, हा जो एकदम फरक पडतो त्याच धक्क्याने शेपटी सुरू होते. पण एकदा सुरू झाली की थांबवता येत नाही. आत जेवढी ऊर्जा साठवलेली तेवढीच, शेपटी प्रचंड वेगाने चालते, वरून गोडं पाणी आत शिरून शुक्राणू फुगायला लागतो, आणि साधारण मिनिटाच्या आत-बाहेर खेळ खलास. दुसरी संधी नाही. अंड्याच्या बाजूनेही तसंच, माशाच्या अंड्याला आत शिरायला एकच बारीक छिद्र असतं, आणि पाणी लागल्यावर अंडं फुगतं आणि ते छिद्रही थोड्याच वेळात बंद होतं. म्हणजे दोन्हीकडून मिनिटभराचा मामला आहे आणि आपण रात्रभराच्या मेहनतीचा हिशोब त्या मिनिटावर सोडून देतो.

आकडा ऐकला तर वाटतं काळजीच नको. कार्प नराच्या एक मिली मिल्टमधे शुक्राणू हजार कोटीच्या आसपास असतात. रोहूची मादी किलोमागे दोन-अडीच लाख अंडी देते. म्हणजे कागदावर एक मिलीमधे अख्ख्या हॅचरीचं काम व्हायला पाहिजे. पण संख्या कधी कमी पडत नाही, कमी पडते ती पोहण्याची ताकद, आणि ती सीझनभर सारखी राहत नाही. हे वाचलेलं होतं पण डोळ्याने बघितल्यावर जी खात्री पटते ती वेगळी.

बघायची पद्धत सांगतो कारण यातच सगळं आहे, आणि मायक्रोस्कोपबरोबर आलेल्या कागदात यातलं अक्षर नाही. नर पकडला की वेंटची (मिल्ट बाहेर येते त्या छिद्राची) जागा कोरड्या फडक्याने पुसायची. पहिला थेंब सोडून द्यायचा, त्यात लघवी असू शकते, आणि लघवीच्या पातळपणाने शुक्राणू तिथेच जागे होऊन संपतात, मग स्लाइडवर मेलेले दिसतात आणि आपण उगाच नराला नाव ठेवतो. पुढची मिल्ट सुई काढलेल्या कोरड्या सिरिंजमधे घ्यायची. ती इतकी दाट असते की थेट बघून काहीच कळत नाही, म्हणून मेडिकलमधे मिळणाऱ्या ०.९ टक्के सलाइनमधे आधी साधारण शंभर पट पातळ करायची, सलाइनचा खारेपणा जवळपास मिल्टच्या द्रवाइतकाच असल्याने ते झोपलेलेच राहतात. मग स्लाइडवर पूलच्या पाण्याचा मोठा थेंब, त्यात या पातळ मिल्टचा सुईच्या टोकाएवढा थेंब, मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू आणि डोळा लगेच लेन्सला. आधी दहाच्या लेन्सवर फोकस जुळवूनच ठेवायचा, कारण थेंब टाकल्यावर फोकस शोधत बसलात तर तेवढ्यात निम्मे संपलेले असतात. पाणी त्याच पूलचं आणि त्याच तापमानाचं पाहिजे, बाटलीतलं फिल्टरचं पाणी नको.

दोन गोष्टी बघायच्या. सुरुवातीला किती टक्के पुढे सरकत पोहतायत (जागच्या जागी थरथरणारे धरायचे नाहीत), आणि सगळे थांबायला किती सेकंद लागले. टक्के मोजायला साधा शून्य ते पाच स्कोअर चालतो, शून्य म्हणजे कोणीच हलत नाही, पाच म्हणजे जवळपास सगळेच सुसाट. पहिले काही दिवस दोन माणसांनी एकाच स्लाइडला वेगवेगळे मार्क दिले तर घाबरू नका, नजर बसायला वेळ लागतो, आणि एकाच माणसाने सीझनभर बघितलं तर तुलना बरोबर राहते.

याच कामात मायक्रोस्कोपची परीक्षा होते आणि इथे तो पास आहे. दहाच्या लेन्सवर, म्हणजे एकूण शंभर पट, गर्दी आणि हालचाल मस्त कळते. चाळीसवर एकेक डोकं वेगळं दिसतं, डोकं दोन-तीन मायक्रॉनचं, ठिपक्याएवढंच. शेपटी या किमतीत स्वच्छ दिसणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. एक युक्ती, लाईट पूर्ण वाढवून बघितलं तर काहीच दिसत नाही, सगळं पांढरंफट्ट. स्टेजच्या खालचा, उजेड कमी-जास्त करणारा पडदा बराच बंद करायचा आणि लाईट मंद, मग कडा उठून दिसतात. बऱ्याच लोकांचा मायक्रोस्कोप याच कारणाने कपाटात जाऊन पडत असेल असं मला वाटतं. शंभरची तेलवाली लेन्स या कामाला अजिबात लागत नाही, ती नसलेलं मॉडेल स्वस्तात मिळालं तर तेच घ्या.

आता सीझन, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

रोहू-कतलाच्या नराचं वर्ष साधारण असं चालतं. नोव्हेंबर ते जानेवारी वृषण आक्रसलेले, विश्रांती. फेब्रुवारी-मार्चपासून दिवस मोठा व्हायला लागतो, पाणी तापायला लागतं, ते मेंदूला कळतं, पिट्युटरी ग्रंथीतून हार्मोन सुटतात आणि आत शुक्राणू बनायला सुरुवात होते. मे-जूनमधे तयारी पूर्ण, जुलै-ऑगस्ट खरा हंगाम, सप्टेंबर-ऑक्टोबरमधे उतरण. हे कोणत्याही पुस्तकात मिळेल. पुस्तकात जे वाचून मनावर ठसत नाही ते म्हणजे या प्रत्येक टप्प्याची मिल्ट किती वेगळी वागते ते.

मेच्या शेवटी दाबल्यावर थेंब येतो पण घट्ट, चिकट, हातावर तसाच राहतो. स्लाइडवर शुक्राणू खच्चून भरलेले, पण पाणी टाकल्यावर एकसारखे उठत नाहीत, गुठळीच्या कडेचे पळतात, मधले तसेच. आमच्याकडे मे म्हणजे ४५ डिग्रीची हवा, उथळ तळ्याचं पाणी दुपारी कढत होतं, त्या वेळी काढलेली मिल्ट तर अजूनच उतरलेली. घाईने पहिल्या सरीआधी बॅच टाकून सगळ्यांच्या आधी बीज विकायचा मोह होतो आणि भावही मिळतो, पण स्लाइड बघून मी तरी तो सोडला.

मग मान्सून लागतो. दोन-चार दिवस झड लागली, तळ्यात नवीन पाणी आलं, तापमान २८-३० वर उतरलं की तोच नर, तीच सिरिंज, आणि मिल्ट दुधासारखी, हलक्या हाताने सुटते, छातीच्या परावर बोट फिरवलं तर खरखरीत लागतं (तयार नराची ही जुनी खूण शंभर टक्के खरी आहे). स्लाइडवर पाणी लागताच संपूर्ण फील्ड (लेन्समधून दिसणारा गोल) एकदम ढवळून निघतं, कोणावरच नजर ठरत नाही, आणि पाऊण मिनिट उलटलं तरी बरेच पोहत असतात. जुलैची ही मिल्ट एकदा बघितलीत ना, की मग बाकीच्या महिन्यांची मोजपट्टी डोक्यात पक्की बसते. म्हणूनच सांगतो, मायक्रोस्कोप सप्टेंबरमधे प्रॉब्लेम आल्यावर घेऊ नका, जुलैच्या आधी घ्या, नाहीतर वाईट काय हे कळायला चांगलं काय ते माहीतच नसेल.

ऑगस्टच्या मध्यानंतर उतार लागतो, आणि हा उतार वरून दिसत नाही. नराचं पोट दाबलं की पांढरं येतंच. प्रमाणही कधी कधी जास्तच असतं. पण स्लाइडवर पोहणारे निम्म्याच्या आसपास, बरेच जागच्या जागी थरथरणारे, आणि वीस-पंचवीस सेकंदात शांत. सप्टेंबरमधे मिल्ट पाण्यासारखी, काही नरांची तर पिवळट, आणि स्लाइडवर तुरळक पोहणारे. कारणं एकापेक्षा जास्त आहेत. हंगामाच्या शेवटी नवीन शुक्राणू बनणं मंदावतं, आत जे राहिलेत ते जुने झालेले असतात, शरीर त्यांना परत शोषून घ्यायला लागतं, मिल्टच्या द्रवातल्या क्षारांचं प्रमाण बदलतं, आणि वरून आपण त्याच नराला दोन-तीन वेळा वापरलेलं असतं. याच काळात पूलमधली पांढरी अंडी वाढतात. फळलेलं अंडं काचेसारखं पारदर्शक, न फळलेलं दुधी, हे तर आपल्या पोरांनाही कळतं, पण त्याचं खापर मादीच्या डोक्यावर फुटतं.

इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे, नीट वाचा. पातळ मिल्ट म्हणजे वाईट मिल्ट, हे समीकरण सरसकट धरू नका. ओवाप्रिम, ओवाटाइड, वोवा-एफएच, जे काही इंजेक्शन वापरत असाल, त्यातल्या हार्मोनने नराच्या मिल्टमधला द्रव वाढतो, प्रमाण वाढतं, मिलीमागे शुक्राणू कमी होतात, म्हणून ती पातळ दिसणारच. नराचा डोस किलोमागे ०.१ ते ०.२ मिलीच असतो, मादीच्या साधारण निम्मा किंवा कमी, तरी फरक दिसतो. इंजेक्शननंतरची पातळ मिल्ट जुलैमधे स्लाइडवर अप्रतिम पळते. सप्टेंबरची पातळ मिल्ट इंजेक्शन न देताच पातळ असते आणि पळत नाही. साध्या डोळ्याला दोन्ही सारख्या. साडेसहा हजार रुपये वसूल झाले ते मला विचाराल तर या एका फरकासाठी.

अजून एक. सीझन म्हणजे कॅलेंडर नाही, पाणी आहे. पाऊस पंधरा दिवस लांबला तर नराचं घड्याळ थांबत नाही, दिवसाच्या लांबीवर ते चालूच राहतं, पण पाणी तापलेलं राहतं. गरम पाण्यात शुक्राणू पळतात जोरात पण संपतात लवकर, स्लाइडवर हा फरक चक्क दिसतो, दुपारच्या पाण्याचा थेंब आणि पहाटेच्या पाण्याचा थेंब घेऊन बघा. त्यामुळे पावसाने ओढ दिली की आम्ही नराच्या तळ्यात बोअरचं पाणी सोडतो आणि पूलचं काम पहाटेच्या गार वेळेत येईल असं इंजेक्शनचं टायमिंग लावतो.

सायप्रिनसवाल्यांसाठी (म्हणजे कॉमन कार्प काढणाऱ्यांसाठी) थोडं वेगळं आहे. सायप्रिनस आपल्याकडे वर्षभर थोडंफार प्रजनन करतो, दोन मोठे हंगाम, जानेवारी ते मार्च आणि मग जुलै-ऑगस्ट. नर जवळपास कधीही पांढरं देतो, म्हणून तर जास्त फसगत. हापा (जाळीची पेटी) लावला, हायड्रिला (पाणवनस्पती) टाकली, मादीने अंडी चिकटवली, आणि फळली कमीच. मायक्रोस्कोपचा खरा सराव करायचा असेल तर सायप्रिनसवर हिवाळ्यात करा, नर मिळतो, घाई नसते, आणि पावसाळा येईपर्यंत हात आणि नजर दोन्ही तयार.

चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) काढणाऱ्यांना तर हे यंत्र अजूनच उपयोगी, कारण तिथे स्ट्रिपिंग आहे, म्हणजे पोट दाबून अंडी आणि मिल्ट हाताने काढायची. अंडी आणि मिल्ट कोरड्या ट्रेमधे पिसाने हळूवार मिसळायची, मग पाणी, ही कोरडी पद्धत सगळे करतात, पण ती कोरडीच का हे स्लाइड बघितलेल्या कामगाराला परत सांगावं लागत नाही. आमच्या पोरांना मी बोलून बोलून थकलो होतो की ट्रे पुसून घ्या, हात पुसून घ्या. एकदा त्यांना मोबाइल लावून व्हिडिओ दाखवला, पाण्याच्या एका थेंबाने सगळे उठले आणि मिनिटात सगळे थांबले, त्यानंतर ट्रेला ओला हात लागलेला मी बघितला नाही. नराची मिल्ट आधी काढून बर्फाच्या डब्यात ठेवत असाल (बर्फाला थेट टेकवू नका, मधे फडकं ठेवा), तर मादी सुटायच्या वेळी एक थेंब तपासून घ्या, काही तास छान टिकते पण प्रत्येक नराची टिकत नाही.

देशी मागूर करणाऱ्यांना मात्र विचार करावा लागेल. मागूरचा नर दाबून मिल्ट देत नाही, त्याला मारून वृषण काढावे लागतात, सलाइनमधे कुस्करावे लागतात. म्हणजे तपासणी नर मेल्यावरच. तरी उपयोग आहे, कारण एका नराची मिल्ट खराब निघाली तर ती सगळ्यांच्यात मिसळण्याआधी कळतं.

या यंत्रामुळे कामात काय बदललं तर मुख्य म्हणजे नरांचं रजिस्टर सुरू झालं. कोणत्या तळ्यातला नर, कधी वापरला, स्कोअर किती, किती सेकंद. नर आणि मादी मार्चपासूनच वेगळ्या तळ्यात. नरांचे दोन गट केले, एक जुलैला आणि दुसरा ऑगस्टच्या बॅचसाठी राखून, म्हणजे शेवटच्या ऑर्डरला दमलेला नर वापरायची वेळ येत नाही. उशिराच्या बॅचमधे नरांची संख्या वाढवतो, नेहमी एका मादीमागे दोन नर, तेव्हा तीन. सप्टेंबरमधे स्कोअर दोनच्या खाली गेला की बॅच बंद, संस्थेवाले कितीही मागे लागले तरी. त्यांनाही व्हिडिओ दाखवतो, आता त्यांच्यातले काही जण बीज बुक करायच्या आधी स्वतःहून विचारतात की नर कसा आहे यंदा. हे मला फार मोलाचं वाटतं.

पण एक धोक्याची सूचना मनापासून. पाचचा स्कोअर असलेले दोन-तीन नर सापडले म्हणून सगळी मादी त्यांच्यावरच लावू नका. तेच तेच नर वापरले की दोन-तीन पिढ्यांत रक्त जवळचं होतं, बीज वाढत नाही, आणि छोट्या हॅचरींचा हा रोग आधीच मोठा आहे. मायक्रोस्कोप वाईट नर बाजूला काढायला वापरा, चांगल्यातला एकच निवडायला नको. दर दोन-तीन वर्षांनी बाहेरून प्रजनक (बीज काढायचे नर-मादी) आणा, भुवनेश्वरच्या सीफा या सरकारी मत्स्यसंशोधन संस्थेने तयार केलेल्या जयंती रोहूचा मूळ फायदाच निवड पद्धतीने, रक्त सांभाळून केलेल्या कामातून आलाय, १९९२ पासून ते काम चाललंय.

मला कधी कधी वाटतं, १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला हिरालाल चौधुरींनी पिट्युटरीचं इंजेक्शन देऊन कार्पचं प्रजनन करून दाखवलं, त्या दिवसाची आठवण म्हणून आपण दरवर्षी मत्स्य शेतकरी दिन साजरा करतो, आणि तेव्हापासून आजपर्यंत इंजेक्शन सुधारलं, पूल सुधारला, चायनीज हॅचरी (फिरत्या पाण्याच्या गोल टाक्यांची) गावोगाव आली, पण नराची तपासणी अजून बोटाने दाबण्यावरच आहे. लखनौच्या एनबीएफजीआर या मत्स्यसंशोधन संस्थेमधे कार्पची मिल्ट द्रव नायट्रोजनमधे उणे १९६ डिग्रीला गोठवून ठेवण्यावर काम झालंय, म्हणजे जुलैची मिल्ट सप्टेंबरला वापरता येण्याचा रस्ता आहे. ते आपल्या दारात येईपर्यंत निदान बघून तरी वापरूया.

आता वस्तूच्या तक्रारी, त्याही आहेत. स्टेजचा नॉब पहिल्या महिन्यातच ढिला झाला, स्लाइड हळूहळू खाली सरकते आणि नेमका मोजतानाच थेंब फील्डमधून निघून जातो. विकणाऱ्याने फोनवर स्क्रू कसा आवळायचा ते सांगितलं, बरं झालं, पण हे बनवतानाच बघायला पाहिजे होतं. चाळीसची लेन्स आली तेव्हा एका बाजूला धूसर होती, फोटो पाठवला तर बदलून दिली, खळखळ केली नाही. मोबाइल होल्डर जो फ्री म्हणून आला तो टाकून द्या, हलतो, वेगळा घ्या. मेकॅनिकल स्टेजच्या मोजपट्टीवरचे आकडे पुसट, ते आपल्याला लागत नाहीत म्हणून सोडून दिलं.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र पावसाळाच. आपला सीझन आणि बुरशीचा सीझन एकच. बरोबर आलेली लाकडी पेटी ओल धरते, तिच्यात ठेवलात तर दिवाळीपर्यंत लेन्सवर जाळं दिसणार. मी झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, पुड्या रंग बदलल्या की तव्यावर मंद गरम करून परत. चाळीसची लेन्स स्लाइडच्या इतकी जवळ येते की मिल्ट लागतेच, काम झाल्या झाल्या लेन्स पेपरने पुसा, वाळली की निघता निघत नाही. शर्टाच्या टोकाने पुसू नका, चरे पडतात.

याच्याकडून काय होणार नाही तेही सांगतो. शुक्राणूचा नेमका वेग हा सांगत नाही, त्यासाठी कॉम्प्युटरला जोडलेली सिस्टिम लागते, ती लाखांत जाते आणि विद्यापीठातच परवडते. आतला डीएनए खराब झालाय का ते दिसत नाही, आणि छान पोहणारा शुक्राणूही कधी कधी कमजोर पिल्लू देतो. संख्या मोजायची असेल तर न्यूबावर चेंबर (मोजणीचे चौकोन आखलेली काच) वेगळं घ्यावं लागतं, हजाराच्या आत येतं, मिल्ट हजार पट किंवा जास्तच पातळ करून मोजायची, वेळखाऊ आहे, मी फक्त सीझनच्या सुरुवातीला आणि शेवटाला करतो. आणि अंडी फळायला पाणी, ऑक्सिजन, मादीचं वय, सगळंच लागतं, स्कोअर पाच आला म्हणून शंभर टक्के फळणारच अशी गॅरंटी कोणी देत असेल तर ऐकू नका.

पाचपैकी चार देतो. एक मार्क ढिल्या स्टेजचा आणि लाकडी पेटीचा कापला. वर्षाला दोन-तीनच बॅच करणाऱ्याला दोन-तीन शेजारच्या हॅचरींनी मिळून एक घेतला तरी पुरेल, फक्त त्याची ने-आण कच्च्या रस्त्यावर बाइकवरून नको, फोकस हलतो. घेताना विकणाऱ्याला चारच प्रश्न विचारा: लाईट बॅटरीवर चालते का, खालचा पडदा बंद-उघड होतो का, चाळीसची लेन्स स्प्रिंगची आहे का (स्लाइडला टेकली तर आत दबते, काच फुटत नाही), आणि लेन्स धूसर निघाली तर बदलून देणार का. मेच्या आधी मागवा, जूनमधे शाळा-कॉलेज सुरू होतात तेव्हा माल पोहोचायला उशीर होतो.